मशीन थोडंच खोटं बोलतंय!

"चारशे एकतीस!"

माइकवरून आकडा घुमला आणि बेदाण्याच्या शेडमध्ये दाटीवाटीनं बसलेल्या माणसांच्या तोंडून एकदम 'आई गं' निघालं. द्राक्षांचा हंगाम संपून महिना झाला होता. शेड रिकामी होती, बेदाणे वाळवायच्या जाळ्या गुंडाळून वर बांधल्या होत्या आणि त्यांच्याखाली आता महाराज बसले होते. समोरच्या खुर्चीत हरणाबाई. साठी ओलांडलेली बाई. पायाच्या अंगठ्याची जखम काही केल्या भरत नव्हती. आपला आकडा ऐकून त्या रडायलाच लागल्या.

"रडायचं न्हाई माउली," महाराज म्हणाले. "ही साखर तुमच्यात हुतीच. दडून बसली हुती. या पाच मण्यांनी तिला बोटापतूर वडून आणली, म्हणून मशीनला घावली. आता बघा, तिची वरात कशी काढतो!"

पाच मणी म्हणजे पाच बेदाणे, पाण्यात भिजवून मऊ केलेले. प्रत्येक रुग्णानं ते उजव्या हाताच्या बोटांत चुरत जप करायचा. खायचे मात्र नाहीत. एखाद्यानं चुकून हात तोंडाकडे नेला की महाराज खेकसत, "खाऊ नगा! साखरंच्या माणसाला गोड चारायला मी तुमचा वैरी हाय व्हय?" लोकांना हे फार आवडे. एवढी काळजी घेणारा माणूस लबाड कसा असेल?

जप झाला की शिष्य स्पिरिटच्या कापसानं बोट पुसायचा, सुई टोचायचा आणि ग्लुकोमीटरवर थेंब घ्यायचा. मग दोन्ही हात मनगटापर्यंत हळदीच्या कोमट तीर्थात. तीर्थ तांब्याच्या घंगाळात. महाराज डोळे मिटून काहीतरी पुटपुटत. त्यात संस्कृत थोडं आणि 'पॉझिटिव्ह एनर्जी' जास्त. त्यांच्या गळ्यात रुद्राक्षाची माळ होती आणि स्टेथोस्कोपही. कोण कशानं पटेल याचा नेम नाही, म्हणून दोन्ही.

हरणाबाईंचे हात तीर्थातून निघाले, पंच्यानं पुसले, पुन्हा स्पिरिट, पुन्हा सुई.

"एकशे अडुसष्ट!"

शेडच्या पत्र्यांना कापरं भरेल एवढा जयजयकार झाला. हरणाबाईंनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. मी मागच्या खांबाला टेकून उभा होतो आणि मनातल्या मनात जळत होतो. मी जोतीराम. तासगावात माझं औषधाचं दुकान आहे, इन्सुलिन आणि साखरेच्या गोळ्या विकतो. त्यामुळे महाराजांविरुद्ध तोंड उघडलं की लोक म्हणायचे, "तुमचा धंदा बसलाय अण्णा, म्हणून पोटात दुखतंय." 

दहा मिनिटांत माणसाची साखर अशी उतरत नाही. औषधानं नाही, हळदीनं नाही आणि मंत्रानं तर नाहीच. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मशीनवरचा आकडा उतरत होता हेही मी डोळ्यांनी बघत होतो. मी माझ्यापुरतं उत्तर काढलं होतं: मशीन त्यांचं, पट्ट्या त्यांच्या, म्हणजे गडबड मशीनमध्येच.

त्या दिवशी मी नुसतं उत्तर काढून थांबलो नाही. पुढच्या खुर्चीत माझ्या मित्राची मुलगी बसणार होती, म्हणून खिशात दुकानातलं कोरं, सीलबंद ग्लुकोमीटर घेऊन आलो होतो.

लालासाहेब माझा बालमित्र. तोफखान्यात हवालदार होता, निवृत्त होऊन गावी द्राक्षबाग बघतो. त्याची एकुलती एक मुलगी क्रांती, अकरावीत शिकणारी. नऊ वर्षांची होती तेव्हा तिला मधुमेह झाला. हरणाबाईंसारखा उतारवयातला नव्हे. काही मुलांच्या शरीरात इन्सुलिन तयार व्हायचंच बंद होतं, तसला. अशा मुलाला इन्सुलिन बाहेरून द्यावंच लागतं. ते त्याचं औषध नसतं, रोजच्या जेवणाइतकंच जरुरीचं असतं. क्रांती स्वतःच्या हातानं सुई घ्यायची, शाळेत घ्यायची, लग्नाच्या पंगतीत आईच्या पदराआड घ्यायची आणि हसायची. सगळं नीट चाललं होतं.

मग फेब्रुवारी आला. तापामुळे तिला सांगलीच्या एका हॉस्पिटलात ठेवलं होतं. संध्याकाळी नर्सनं साखर तपासली, मशीननं चारशेच्या वर दाखवली. तक्त्याप्रमाणे जादा इन्सुलिन टोचलं गेलं. तासाभरात पोरगी घामानं निथळली, थंडगार पडली, डोळे फिरवले, झटका आला. लालासाहेबानं तिला उचलून कॉरिडॉरमधून ओरडत नेलं. सलाइनमधून ग्लुकोज दिल्यावर ती शुद्धीवर आली. का झालं, हे विचारायला तो ज्याच्या त्याच्याकडे गेला. एकजण म्हणाला, "साखर अशीच असते, खाली-वर होते." दुसरा म्हणाला, "होतं कधीकधी."

"होतं कधीकधी," लालासाहेब मला सांगताना हेच दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणायचा. "जोती, माझी पोर हातात गार पडली रं. आन् ते म्हंत्यात, हुतं कवा कवा!"

त्या दिवसापासून सुई दिसली की त्याचे हात थरथरायचे. क्रांती सुई घ्यायला लागली की तो उठून बाहेर जायचा. अशा माणसाच्या गावात, त्याच्या बागेपासून दोन बांध पलीकडे, सुई सोडवणारे महाराज येऊन उतरले होते.

क्रांती खुर्चीत बसली. मी पुढे झालो.

"महाराज, मशीन माझं वापरायचं. पट्ट्याही माझ्या. आणि बोट मी टोचणार."

मला वाटलं, आता पकडलं. महाराज गोड हसले. "या की जोतीअण्णा. दुकान बंद ठिवून आलाय, तुमाला न्हाई कसं म्हणू?"

लोक खदखदून हसले. मी मान खाली घालून मशीनचं सील फोडलं. क्रांतीनं बेदाणे चुरल्यावर मी तिचं बोट स्पिरिटनं चांगलं खसाखसा पुसलं. एकदा नव्हे, दोनदा. टोचलं. चारशे अठ्ठेचाळीस. तीर्थ झालं, पंचा झाला, मी पुन्हा स्पिरिट लावलं, पुन्हा टोचलं.

एकशे छत्तीस.

मी मशीन हलवून बघितलं, दुसरी पट्टी घालून बघितलं. एकशे चाळीस. महाराजांनी माझ्या हातातून मशीन घेतलं आणि आरतीच्या तबकासारखं लोकांपुढे फिरवलं. "बघा, बघा! हे मशीन आमचं न्हाई. दुकानदाराचं हाय. दुकानदारानंच साक्ष दिली!"

लालासाहेब रडत होता. त्याला रडताना मी कधी बघितलं नव्हतं, त्याच्या बापाच्या तेराव्यालाही नाही. तो माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "जोती, लय उपकार झालं गड्या. माझा बी पुरता इस्वास न्हवता. पण तुझं मशीन थोडंच खोटं बोलतंय!"

मीच आणलं होतं ते.

महाराज लबाडीत कच्चे नव्हते. "सुई सोडा असं मी कवाच म्हणत न्हाई," ते माइकवर म्हणाले. "कायदा हाय. ज्याची श्रद्धा पूर्ण, त्यानं सोडावी. ज्याची अपूर्ण, त्यानं घ्यावी." मग लालासाहेबाला जवळ बोलावून हळूच सांगितलं, पण मला ऐकू आलंच. "सात दिवस मशीन लावायचं न्हाई. संशयानं साखर माघारी येती. पोरीला उलटी झाली, धाप लागली, तर भिऊ नगा. साखर अंगातनं निघताना तरास हुतोच."

दुसऱ्या दिवशी सकाळी लालासाहेबानं माझ्या काउंटरवर एक स्टीलचा डबा आणून ठेवला. आत क्रांतीच्या इन्सुलिनच्या बाटल्या होत्या.

"ठिव. कुणा गरिबाला दे. आमाला आता लागत न्हाई."

"लाला, येडा झालायस का तू? तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत न्हाई. तीन दिवसांत पोर जाईल."

"फेब्रुवारीत गेलीच हुती की. ह्याच बाटलीनं." त्यानं डब्यावर बोट ठेवलं. "तवा कुठं हुतास तू?"

मी हात जोडले, शिव्या दिल्या, रस्त्यापर्यंत मागे गेलो. तो गाडीला किक मारून निघून गेला. मी घरी फोन केला, तर क्रांतीनंच उचलला. "काका, पप्पा पहिल्यांदाच हसले हो इतक्या दिवसांत," ती म्हणाली. "मी दोन दिवस बघते. मलाबी सुयांचा कंटाळा आलाय." मी तिच्यावर ओरडलो. तिनं फोन ठेवला.

डबा मी फ्रिजमध्ये ठेवला. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकावर त्या दिवशी मी खेकसत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी राजेश्वरीवहिनींचा, म्हणजे क्रांतीच्या आईचा फोन आला. आवाज दबका होता. "भावजी, लवकर या. पोरगी पाणी पिती आन् वकती. श्वास कसातरीच घेतीया. ह्यांना सांगितलं तर म्हंत्यात, म्हाराज म्हणालेच हुते."

मी डबा घेऊन धावलो. क्रांती सोप्यात सतरंजीवर पडली होती. ओठ कोरडे, डोळे खोल, आणि श्वास धावत आलेल्या माणसासारखा खोल, भराभर. तोंडाला सडक्या फळासारखा गोडसर वास येत होता. तो वास मला माहीत होता. रक्तात आम्ल साचलं की तो येतो, आणि तिथून पुढे माणूस हाती लागेल की नाही हे तासांवर असतं. मला रडू यायला लागलं आणि रागही. डब्यातल्या नुसत्या सुईनं आता भागणार नव्हतं, सलाइन हवं होतं.

"लाला, गाडी काढ. सांगलीला न्यायची."

तो दारात उभा राहिला. दोन्ही हात चौकटीला लावून. "तितं न्हाई. पुन्ना त्या हॉस्पिटलात न्हाई. म्हाराज म्हणाले तसंच चाललंय सगळं. आज तरास, उद्या उतार."

"आवं, सोडा की वाट!" वहिनी त्याच्या छातीवर मुठी मारायला लागल्या. तो हलला नाही. सहा फुटी माणूस, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि दार अडवून उभा. त्याला ढकलून काढायची माझ्यात ताकद नव्हती. अॅम्ब्युलन्सला फोन केला असता तरी त्यानं तिला आत येऊ दिलं नसतं.

मी फोन लावला तो डॉ. स्वप्नाली खरात यांना. त्याच सांगलीच्या हॉस्पिटलात त्या मार्चमध्ये आल्या होत्या आणि मधुमेहाचं सगळं काम त्यांच्याकडे दिलं होतं. जत भागातल्या मेंढपाळ घरातली बाई, एमडी झालेली, बोलायला सरळसोट. आल्या आल्या त्यांनी आम्हा औषधवाल्यांनाही बोलावून इन्सुलिन कसं ठेवायचं, लोकांना काय सांगायचं याची शिकवणी घेतली होती. तेव्हा मी मागच्या बाकावर बसून जांभया दिल्या होत्या. फोन उचलताच मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकच विचारलं, "मुलीचं नाव?" मी सांगितलं. "फेब्रुवारीच्या कागदांत वाचलंय मी हे नाव."

"स्पीकर चालू करा," त्या म्हणाल्या. "आणि घरातलं मशीन घ्या. लालासाहेबदादा, ऐकताय ना? मी स्वप्नाली खरात. मला दोनच प्रश्न विचारायचेत, मग तुमी म्हणाल तसं. फेब्रुवारीत तुमच्या पोरीची साखर चारशेच्या वर दिसली, त्याच्या आधी ती काय करत हुती?"

"काय करणार? पडून हुती," लालासाहेब तुटकपणे म्हणाला.

"आठवा."

वहिनींना आठवलं. "शेजारच्या खाटंवरच्या म्हातारीला द्राक्षं सोलून देत हुती. तिला दात न्हवतं. हिनं एक बी खाल्लं न्हाई हो, देवाशपथ."

"मला माहीत हाय, खाल्लं न्हाई. आता दुसरा प्रश्न. त्या म्हाराजानं तपासायच्या आधी तिच्या हातात काय दिलं?"

बेदाणे! तासगावात जन्म काढला मी. आमच्याकडे बेदाण्याकडे कोण बघतं? उंबऱ्यावर सांडलेले असतात, पोरांच्या खिशात असतात, हंगामात सगळ्या तालुक्याची बोटं चिकट असतात. मी मशीन बघत बसलो, पट्ट्या बघत बसलो, आणि बोट बघितलंच नाही.

"पण डॉक्टर, मी स्पिरिटनं दोनदा पुसलं होतं!"

"स्पिरिट जंतू मारतं, जोतीअण्णा. साखर धुऊन काढत न्हाई. आमच्या नर्सनंबी स्पिरिटच लावलं हुतं. दादा, तुमाला मधुमेह न्हाई ना? घरात बेदाणा असंल. बोटानं चुरा, पुसा आन् स्वतःची साखर तपासा. लगेच. पोरगीला येळ न्हाई."

लालासाहेब दारातच होता. वहिनींनी स्वयंपाकघरातले बेदाणे आणून त्याच्या मुठीत कोंबले, अक्षरशः कोंबले. त्यानं यंत्रासारखे ते चुरले. मी बोट पुसलं, टोचलं.

तीनशे बाहत्तर.

"ही माझी साखर?" त्यानं मशीन डोळ्यांजवळ नेलं. "मला साखर न्हाई. मला कवाच..."

"साबणानं हात धुवा. कोरडे करा. त्याच बोटाला पुन्हा," फोनमधून आवाज आला.

तो न्हाणीकडे गेला. परत येऊन बोट माझ्यापुढे धरलं.

एकशे दोन.

"आता क्रांतीचा हात धुवा, पुसा, तपासा."

तिच्या बोटातून थेंब काढायला मला दोनदा टोचावं लागलं. मशीननं आकडा दाखवलाच नाही. नुसतं इंग्रजीत 'हाय' लिहून आलं, म्हणजे मोजता येण्याच्या पलीकडे. वहिनींनी तिचा हात पुन्हा धुतला. पुन्हा तेच.

"तीर्थात तेवढंच घडत हुतं, दादा," डॉक्टर म्हणाल्या. "हात धुतला जात हुता. बोटावरची साखर जात हुती. रक्तातली जागच्या जागी. त्या दिवशी शेडमध्ये तिची साखर खरोखर एकशे छत्तीसच हुती, कारण सकाळी तिनं सुई घेतली हुती. ती सुईची कमाई हुती. आता आणा तिला. तासगावात सलाइन लावून घ्या, मी तिथल्या डॉक्टरांशी बोलते. पुढं मी वाट बघते."

लालासाहेबानं दार सोडलं. त्यानं पोरीला उचललं तेव्हा त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी ऐकू नये.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. क्रांती बोलत नव्हती, हाक मारली तर नुसती कण्हायची. डॉक्टर आत-बाहेर करत होत्या. एकदा बाहेर आल्या आणि लालासाहेबापुढे उभ्या राहिल्या.

"अजून काही सांगता येणार न्हाई," त्या म्हणाल्या. "पण एक सांगायचंच हाय. फेब्रुवारीत तिच्या बोटावर द्राक्षाचा रस हुता. खोटा आकडा आला आन् त्याच्यावर आमी खरं इन्सुलिन दिलं. चूक या हॉस्पिटलाची हुती."

लालासाहेब उठला. मला वाटलं, मारतो. "मग तवा का न्हाई सांगितलं? 'हुतं कवा कवा' म्हणाला तुमी लोक! त्या दोन शब्दांपायी मी त्या चोराच्या पायावर डोकं ठिवलं!"

"मी तवा इथं न्हवते. पण हॉस्पिटल इथंच हुतं. तुमच्या घरी येऊन सांगायला पायजे हुतं. मी वॉर्ड बदलत बसले आन् तुमच्याकडं आले न्हाई."

वॉर्ड त्यांनी खरंच बदलला होता, ते मला नंतर तिथल्याच एका नर्सनं सांगितलं. तिथले जुने डॉक्टर हसले होते, हात धुवायला शिकवायला एमडी लागते का म्हणून. बाईंनी ऐकलं नाही. तपासणीआधी खाटेवरच साबण-पाणी आणि कोरडं कापड. अचानक मोठा आकडा दिसला तर हात धुवून पुन्हा तपासल्याशिवाय सुई नाही. सुई आणि जेवणाचं ताट बरोबरच. आणि रोज दुपारी नातेवाइकांचा वर्ग, ज्यात साखर म्हणजे काय, ती खाली गेली तर कशी ओळखायची, हे त्यांच्याच बोलीत सांगायचं. लालासाहेबाला असा एक वर्ग फेब्रुवारीत मिळाला असता तर! हे मनात आलं की मला आजही चीड येते.

त्याच संध्याकाळी शेजारच्या वॉर्डात मला हरणाबाई दिसल्या. त्यांनीही गोळ्या सोडल्या होत्या. अंगठ्याची जखम घोट्यापर्यंत चढली होती आणि पाय कापायचा ठरला होता. मला बघून त्या म्हणाल्या, "अण्णा, पण मशीन तर एकशे अडुसष्ट म्हणालं हुतं की वो." मी त्यांच्या खाटेशी उभा राहिलो. 

क्रांती वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं डोळे उघडले आणि दारातल्या बापाला बघून पहिलं वाक्य बोलली, "पप्पा, मला सुई द्या." डॉक्टरांनी त्याला हाताला धरून आत नेलं, त्याचा हात धुवायला लावला आणि इन्सुलिनची सुई त्याच्याच हातात दिली. हात थरथरत होता, पण त्यानं टोचली.

पुढच्या गुरुवारी शेडमध्ये पुन्हा शिबिर होतं. आम्ही तिघं गेलो, लालासाहेब, डॉक्टर आणि मी. लालासाहेबानं सरळ माइक हातात घेतला. महाराजांना वाटलं, आभार मानायला आलाय. त्यांनी हसून जागा दिली.

"माझी पोर मरता मरता वाचली," तो म्हणाला. "म्हाराजांमुळं न्हाई. म्हाराजांपासनं. मला ज्यास्त बोलाय येत न्हाई. शेडचे मालक दादासो, जरा पुढं या. तुमाला साखर हाय?"

"न्हाई बा," दादासो म्हणाले. महाराजांना जागा त्यांनीच दिली होती, त्यामुळे ते ऐटीत पुढे आले.

"मग हे मणी चुरा."

दादासोंनी चुरले. स्पिरिट लागलं, सुई लागली. तीनशे नव्वद. दादासो मटकन खुर्चीत बसले. बायको गर्दीतून ओरडली, "आवं, ह्यांना साखर कवा झाली?" मग लालासाहेबानं बाहेरच्या नळाचं साधं पाणी आणि साबण आणला. ना हळद, ना मंत्र. एकशे आठ.

डॉक्टरांनी चार वाक्यांत सगळं समजावलं. मागून एक म्हातारा उठला, "मला बी बघू दे." मग दुसरा. मग रांगच लागली. ज्यांना मधुमेह नव्हता अशी माणसं बेदाणे चुरून तीनशे-चारशेचे आकडे काढत होती आणि नळावर जाऊन घालवून येत होती.

महाराज म्हणाले, "नास्तिकांच्या सावलीनं शक्ती खंडित झालीया."

"सावली न्हाई, साबण," लालासाहेब म्हणाला.

कुणी हसलं नाही. खूपजणांनी गोळ्या सोडल्या होत्या आणि त्यांचे चेहरे तेव्हा उतरायला लागले होते. त्या गोंधळात महाराज मागच्या दारानं गेले. आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. ते अजून सापडले नाहीत. काहीजण अजूनही म्हणतात, दादासोंचं काही असो, आमची उतरली होती ती खरीच उतरली होती. त्यांच्याशी मी रोज भांडतो.

क्रांती मागच्या आठवड्यात दुकानात आली. मी फ्रिजमधून स्टीलचा डबा काढून तिच्यापुढे ठेवला. ती काही न बोलता बाहेरच्या नळावर गेली, साबणानं हात धुतला, ओढणीला कोरडा केला आणि काउंटरवरच बोट टोचलं. दोनशे चौदा.

"जास्त आहे गं," मी म्हणालो.

"आहे," ती म्हणाली. "पण माझीच आहे काका. आता हिचं काय करायचं ते मला येतं." आणि माझ्यासमोरच तिनं सुई घेतली.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच की पलीकडच्या तालुक्यात म्हणे एक नवे महाराज आलेत. नाव वेगळं आहे. तिकडे ऊस, म्हणून बेदाण्याऐवजी ते हातात गुळाचा खडा देतात. ते तुमच्या गावात आले तर त्यांच्याशी वाद घालत बसू नका. मी घालून बघितलाय. मशीन खोटं बोलत नाही हेही खरं आहे. त्याच्यापुढे जे धराल तेच ते सांगतं. आणि डॉक्टरांनी दिलेली सुई, गोळी कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका. काही विपरीत झालं तर 'का' म्हणून डॉक्टरांना विचारा, आणि कुणी 'होतं कधीकधी' म्हणालं तर नीट उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका. महाराजांनी बोट मागितलं तर जरूर द्या. फक्त त्याआधी त्यांच्यादेखत साबणानं हात धुवा आणि कोरडे करा.